एकाच तापमानातला रॅचेट एकाच दिशेने फिरताना दिसतो: दोष कुठे शोधावा

तक्रार साधारणपणे अशी असते. एका अक्षाच्या एका टोकाला हलकी पाती बसवली आहेत, दुसऱ्या टोकाला तिरप्या दातांचे चाक आहे आणि त्या दातांवर स्प्रिंगने दाबलेली एक खिटी टेकलेली आहे; चाक आणि खिटीच्या या मांडणीला रॅचेट म्हणतात. हवेचे रेणू पात्यांवर दोन्ही बाजूंनी आपटत राहतात. खिटीमुळे चाक पुढे सरकू शकते पण मागे येऊ शकत नाही, तेव्हा ते हळूहळू एकाच दिशेने फिरत राहील आणि अक्षाला गुंडाळलेल्या दोऱ्याने एखादे बारीक वजन उचलेल, असे वाटते. कोणी ही मांडणी संगणकावर सिम्युलेशन करून तपासतो आणि चाक खरोखर फिरताना दिसते. कोणी तिचे विद्युत रूप घेतो, म्हणजे रोधातल्या औष्णिक गोंगाटाला (उष्णतेमुळे उमटणाऱ्या यादृच्छिक व्होल्टेजला) डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक, जोडतो, आणि मल्टिमीटरवर काही मायक्रोव्होल्ट उमटतात. दोन्ही प्रसंगी पुढचा प्रश्न तोच असतो: सगळे भाग एकाच तापमानाला असताना ही ऊर्जा मिळतेच कशी?

ती मिळत नाही. मात्र 'उष्मागतिकीचा दुसरा नियम तसे होऊ देत नाही' एवढे सांगून प्रश्न मिटवणे मला योग्य वाटत नाही, कारण ज्याने सिम्युलेशन लिहिले आहे त्याच्या पडद्यावर चाक फिरत आहे आणि त्याला त्याचे कारण हवे आहे. ते कारण जवळजवळ नेहमी एकाच जागी सापडते. यंत्राच्या कुठल्या तरी एका भागाला थरथरण्याची मुभाच दिलेली नसते. इतर सगळे भाग ३०० केल्व्हिनला असताना तो एक भाग निरपेक्ष शून्य (० केल्व्हिन) तापमानाला असल्यासारखा वागतो, आणि मग आपण नकळत दोन तापमानांमध्ये चालणारे साधे उष्णता इंजिन बांधलेले असते. तो भाग कसा शोधायचा, हे पुढे सविस्तर लिहिले आहे.

आधी खिटीकडे पाहावे

सायकलच्या फ्रीव्हीलमधली खिटी कधी आपोआप उचलली जाऊन चाक उलटे सुटले, असे होत नाही. त्यामुळे खिटी ही एकदिशा चालणारी वस्तू आहे, असा आपला पक्का समज असतो. हा समज कुठल्या मापावर खरा आहे ते आकड्यांत पाहावे. १ ग्रॅम वजनाची खिटी १ मिलिमीटर उचलायला सुमारे १० मायक्रोज्यूल ऊर्जा लागते. खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३०० केल्व्हिनला, औष्णिक ऊर्जेचे नैसर्गिक माप म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, आणि ते सुमारे ४.१४ झेप्टोज्यूल भरते. एक झेप्टोज्यूल म्हणजे १ भागिले १ वर २१ शून्ये, इतके ज्यूल. या मापाला पुढे मी 'औष्णिक एकक' म्हणेन. आपली खिटी उचलायला अशी सुमारे २४ लाख अब्ज एकके लागतात, म्हणून ती स्वतःच्या थरथरीने कधीही उचलली जाणार नाही. मात्र त्याच कारणाने रेणूंच्या धक्क्यांनी फिरणारे चाकही तिला कधीही उचलू शकणार नाही. अशा खिटीचा रॅचेट ना पुढे जातो ना मागे.

रेणूंच्या धक्क्यांनी चाक पुढे जावे असे वाटत असेल, तर खिटीची स्प्रिंग इतकी नाजूक असायला हवी की तिला दातावरून उचलण्याचा खर्च औष्णिक एककाच्या थोड्याच पटींत बसेल. समजा तो खर्च ५ एकके आहे. तेवढी ऊर्जा एखाद्या क्षणी पात्यांकडे जमण्याची शक्यता साधारण १४८ मध्ये १, या प्रमाणात असते. पण खिटीही त्याच हवेत, त्याच तापमानाला आहे. स्वतःच्या थरथरीने दाताच्या वर उचलली जायला तिलाही तेवढीच ५ एकके लागतात आणि तिच्यासाठीही शक्यता १४८ मध्ये १ हीच आहे. खिटी अशी वर असताना चाक मोकळे असते आणि मागे घसरू शकते. हे टाळण्यासाठी स्प्रिंग कडक करून खर्च २० एककांवर नेला, तर खिटी आपोआप उचलली जाण्याची शक्यता सुमारे ४८ कोटींत १ इतकी खाली येते, पण पुढे जाण्याची शक्यताही अगदी तेवढीच खाली येते. स्प्रिंग कशीही निवडली तरी दोन्ही शक्यता एकत्रच हलतात. त्यांतली एक कमी करून दुसरी तशीच ठेवता येत नाही.

इथे दातांच्या आकाराविषयी नेहमी एक शंका निघते: पुढची बाजू सौम्य उताराची आहे आणि मागची बाजू उभ्या भिंतीसारखी आहे, तर मग फरक पडायलाच हवा. फरक पडतो तो वाटेत, उंचीत नाही. खिटी दोन दातांमधल्या खाचेत बसलेली असताना पुढच्या दाताचा माथा जितका उंच आहे, तितकाच मागच्या दाताचाही आहे, कारण सगळे दात सारखे आहेत. एकीकडे लांब चढ आहे, दुसरीकडे कडा आहे, आणि दोन्ही पार करायला लागणारी ऊर्जा समान आहे. समतोलात एका खाचेतून शेजारच्या खाचेत जाण्याची वारंवारता दोन्ही दिशांनी सारखी यायला एवढे पुरते.

मग काही जण खिटीला अवमंदन देतात, म्हणजे ती आपटल्यावर उसळू नये म्हणून तिच्याखाली मऊ गादी किंवा दाट तेल घालतात. हा विचार चांगला आहे, कारण अवमंदन नसेल तर खिटी अखंड उसळत राहील आणि चाक केव्हाही निसटेल. पण ज्या तेलामुळे खिटीचा वेग कमी होतो, त्याच तेलाचे रेणू तिला धक्केही देतात. घर्षण आणि यादृच्छिक धक्के ही एकाच संपर्काची दोन अंगे आहेत. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये ब्राउनियन गतीसाठी (रेणूंच्या धक्क्यांनी होणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थरथरीसाठी) हे नाते मांडले, नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये विद्युत रोधासाठी मांडले, आणि कॅलन व वेल्टन यांनी १९५१ मध्ये त्याला व्यापक रूप दिले. जिथे अवमंदन आहे तिथे त्याच प्रमाणात धक्के असलेच पाहिजेत, हे एक वाक्य लक्षात ठेवले तर पुढच्या निम्म्याहून अधिक चुका आपोआप दिसू लागतात.

हा विचार नवा नाही. मारियन स्मोलुचोव्स्की यांनी १९१२ मध्ये वायूच्या दोन कप्प्यांमधली एकदिशा झडप आणि रॅचेट या दोन्हींची चर्चा करून, झडप स्वतःच ब्राउनियन गतीने उघडझाप करू लागेल, हे दाखवले होते. रिचर्ड फाइनमन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅल्टेकमधल्या व्याख्यानांत रॅचेट आणि खिटीचे जे विवेचन केले, त्यामुळे ते जगभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. त्या विवेचनातला एक भाग मात्र जपून वापरावा. दोन वेगळ्या तापमानांत हे यंत्र कार्नोच्या कमाल कार्यक्षमतेपर्यंत (त्या दोन तापमानांत कुठल्याही उष्णता इंजिनाला शक्य असलेल्या मर्यादेपर्यंत) पोहोचू शकते, असा निष्कर्ष तिथे निघतो. पारोंदो आणि एस्पान्योल यांनी १९९६ मध्ये दाखवले की, यंत्र दोन्ही तापमानांच्या संपर्कात एकाच वेळी असल्यामुळे चाकाच्या थरथरीतूनच उष्णता एका बाजूकडून दुसरीकडे झिरपत राहते आणि ती कार्यक्षमता गाठता येत नाही. समान तापमानात निव्वळ गती नाही, हा मुख्य निष्कर्ष त्याने बदलत नाही. पण आपल्या सिम्युलेशनची कार्यक्षमता त्या व्याख्यानाशी जुळत नाही म्हणून हवालदिल होणाऱ्यांनी हे जाणून असावे.

सिम्युलेशनमध्ये चाक फिरत असेल तर

सर्वांत आधी, ते खरोखर फिरते आहे का, हे ठरवावे. यादृच्छिक गतीने हलणारी वस्तू सुरुवातीच्या जागी क्वचितच सापडते. प्रत्येक पावलाला एक घर पुढे किंवा मागे जाणारी वस्तू १०,००० पावलांनंतर सुरुवातीपासून साधारण १०० घरे दूर असते, आणि एकाच धावेचा आलेख पाहणाऱ्याला ती ठामपणे एका दिशेने गेल्यासारखी वाटते. यावर सोपी चाचणी अशी आहे: धावेचा कालावधी चौपट करावा. खरी निव्वळ सरक असेल तर अंतर चौपट होईल. नुसते विसरण, म्हणजे दिशाहीन पसरणे, असेल तर ते सरासरीने दुप्पटच होईल. त्याबरोबर यादृच्छिक संख्यांच्या वेगवेगळ्या बीजांनी शंभरेक स्वतंत्र धावा घेऊन त्यांची सरासरी काढावी आणि त्या सरासरीची प्रमाण त्रुटीही काढावी. त्रुटीच्या दोन-तीन पटींच्या आत शून्य येत असेल, तर पुढचे काही तपासण्याची गरज नाही.

याच टप्प्यावर आणखी एक फसवे लक्षण दिसते. सगळ्या धावा खाचेच्या एकाच बिंदूपासून सुरू केल्या, तर दातांच्या विषमतेमुळे सरासरी स्थान सुरुवातीला थोडेसे एका बाजूला सरकते आणि मग थांबते. ही सरक एका दाताच्या लांबीहून कमी असते आणि वेळेबरोबर वाढत नाही. धाव छोटी असेल तर तीच गती वाटते. सुरुवातीचा काही काळ मोजणीतून वगळावा.

सरक खरी ठरली, तर खिटी कशी लिहिली आहे ते पाहावे. सर्वाधिक आढळणारी चूक अशी असते की, खिटीला स्वतःची गती दिलेलीच नसते. प्रोग्रॅममध्ये फक्त एक अट असते: चाकाचा कोन दाताच्या पुढे गेला की तो कोन ही नवी मागची मर्यादा समजावी. ही खिटी वजनाची नाही, स्प्रिंगची नाही, तिला तापमान नाही. ती रेणूंची जागा पाहून दार बंद करणारी अदृश्य बुद्धी आहे. ऊर्जेच्या भाषेत सांगायचे तर, अशा अटीत पुढे जायला काहीच खर्च नाही आणि मागे यायला अनंत खर्च आहे. चाक एक पूर्ण फेरी घेऊन जिथे होते तिथे आल्यावर त्याची स्थितिज ऊर्जा पूर्वीइतकीच असली पाहिजे, ही मूलभूत गरज ती अट मोडते. यावरचा उपाय म्हणजे खिटीची उंची हे वेगळे चल मानावे, तिला वस्तुमान किंवा निदान अवमंदन द्यावे, आणि चाक व खिटी यांच्यातले बल एकाच स्थितिज ऊर्जा फलनातून काढावे, जेणेकरून चाक खिटीला जेवढे ढकलते तेवढेच खिटीही चाकाला उलट ढकलेल. खिटीने चाकाला अडवले पण चाकाच्या धक्क्याने खिटी हललीच नाही, असे कुठेही होता कामा नये.

खिटीला गती दिलेली असेल, तर तिच्या अवमंदनाकडे वळावे. प्रत्येक आपटीला वेगाचा ठरावीक भाग काढून टाकणे ही सवय खेळांच्या प्रोग्रॅमिंगमधून येते आणि तिथे ती योग्यच आहे. इथे मात्र प्रत्येक आपटीबरोबर खिटीतली ऊर्जा बाहेर जाते आणि बदल्यात काहीच आत येत नाही, म्हणजे आपण खिटीला अखंड थंड करत असतो. लँजव्हाँ समीकरण (गतीच्या समीकरणात अवमंदन आणि यादृच्छिक बल घातलेले रूप) वापरले असेल, तर अवमंदन गुणांक आणि यादृच्छिक बलाचे परिमाण यांचे नाते प्रत्येक चलासाठी वेगळे तपासावे. पात्यांसाठी ते बरोबर लिहून खिटीसाठी यादृच्छिक बल टाकायचे राहिले, किंवा दोन्हींसाठी चुकून एकच परिमाण वापरले पण अवमंदन गुणांक वेगळे ठेवले, असे फार वेळा होते. दुसऱ्या चुकीत जास्त अवमंदन असलेला भाग आपोआप थंड पडतो, आणि तो बहुतेक वेळा खिटीच असतो.

हे पकडण्यासाठी प्रोग्रॅमची ओळ न ओळ वाचत बसण्यापेक्षा तापमान मोजणे अधिक भरवशाचे आहे. वस्तुमान असलेल्या प्रत्येक चलाची सरासरी गतिज ऊर्जा अर्धे औष्णिक एकक आली पाहिजे. पात्यांसाठी ती मोजावी, खिटीसाठी वेगळी मोजावी. खिटीची सरासरी पात्यांपेक्षा त्रुटीबाहेर कमी आली, तर गतीचा स्रोत तिथेच सापडला. स्कॉर्डोस आणि झुरेक यांनी १९९२ मध्ये स्मोलुचोव्स्कींच्या झडपेचे सिम्युलेशन केले, तेव्हा त्यांना नेमके हेच दिसले होते: झडप रेणूंइतकीच तापू दिली की दोन्ही कप्प्यांतली घनता समान राहते, आणि झडपेची ऊर्जा सतत काढून घेत राहिले की ती खरोखर एकदिशा झडप होते. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण 'चालणारी' झडप आणि 'न चालणारी' झडप यांतला सगळा फरक थंड करण्याच्या त्या एका कृतीत आहे, हे तो उघड करून दाखवतो.

तापमाने जुळूनही सरक उरत असेल, तर वेळेची पायरी संशयित आहे. करवतीच्या दातांसारख्या स्थितिज ऊर्जेला एक बाजू जवळजवळ उभी असते. पायरी मोठी असेल, तर कण एकाच उडीत त्या कड्याच्या पलीकडे पोहोचतो आणि कड्यावर त्याला जे तीव्र बल जाणवायला हवे होते ते कधी मोजलेच जात नाही. सौम्य उतारावर असे होत नाही, कारण तो उतार अनेक पावलांत चढला जातो. म्हणजे ही चूक एकाच दिशेला होते आणि खोटी सरक निर्माण करते. पायरी निम्मी करावी, मग पुन्हा निम्मी करावी. सरक प्रत्येक वेळी घटत शून्याकडे जात असेल, तर दोष भौतिकशास्त्रात नाही, अंकगणितात आहे. कडा अगदी उभा ठेवण्याऐवजी त्याला थोडी रुंदी द्यावी आणि एका पायरीतली सरासरी उडी त्या रुंदीहून बरीच लहान ठेवावी. हे परवडत नसेल, तर मेट्रोपोलिस पद्धतीने प्रत्येक उडी ऊर्जेतल्या फरकानुसार स्वीकारावी किंवा नाकारावी. मग पायरी मोठी असली तरी समतोल बिघडत नाही.

खिटी चाकाच्या जवळ आली की घर्षण वाढते, असे ज्यांनी प्रतिमान केले आहे, त्यांच्यासाठी आणखी एक सापळा आहे. अवमंदन गुणांक जागेनुसार बदलत असेल, तर यादृच्छिक बलाचे परिमाणही जागेनुसार बदलते, आणि मग ते परिमाण पायरीच्या सुरुवातीला मोजले (इटोची पद्धत) की मध्यावर (स्ट्रॅटोनोव्हिचची), यावर उत्तर अवलंबून राहते. साधी ऑइलर पायरी वापरून जडत्व वगळलेले समीकरण सोडवत असाल, तर घर्षणाच्या जागेनुसार होणाऱ्या बदलातून येणारे जादा पद समीकरणात घालावेच लागते. ते वगळले की कण चुकीच्या जागी गोळा होतात. कण कुठे किती वेळ घालवतो याचा आलेख काढून तो बोल्ट्झमन वितरणाशी, म्हणजे समतोलात ऊर्जेनुसार अपेक्षित असलेल्या प्रमाणाशी, ताडून पाहावा. जुळला नाही, तर हे पद तपासावे.

शेवटची चाचणी मी प्रत्येक रॅचेट सिम्युलेशनसाठी आवश्यक मानतो. तीन धावा घ्याव्यात: पाती गरम व खिटी थंड, दोन्ही समान, आणि पाती थंड व खिटी गरम. पहिल्या धावेत चाक अपेक्षित दिशेने फिरले पाहिजे. तिसऱ्या धावेत ते उलट दिशेने फिरले पाहिजे, कारण गरम खिटी सारखी वरखाली उड्या मारते आणि खाली येताना तिरप्या बाजूवर पडून चाकाला मागे ढकलते. या दोहोंच्या मध्ये, तापमाने समान असतानाच, गती शून्यातून गेली पाहिजे. गती शून्य होण्याचा बिंदू दुसरीकडेच कुठे तरी येत असेल, तर वर सांगितलेल्यांपैकी एखादी चूक अजून शिल्लक आहे, आणि तो बिंदू ज्या बाजूला सरकला आहे त्यावरून कुठला भाग आपण समजतो त्यापेक्षा थंड आहे हेही कळते. तिसरी धाव बहुतेक जण घेतच नाहीत; ती घ्यावी.

मल्टिमीटरवर व्होल्टेज दिसत असेल तर

रोधाच्या टोकांवर औष्णिक गोंगाट असतो, हे खरे आहे. जॉन्सन यांनी तो मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याचे गणित दिले, आणि दोघांचे लेख १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. १ मेगओहम रोधावर ३०० केल्व्हिनला १० किलोहर्ट्झ रुंदीच्या वारंवारता-पट्ट्यात हा गोंगाट सुमारे १३ मायक्रोव्होल्ट असतो. त्याच पट्ट्यात त्यातून जास्तीत जास्त मिळू शकणारी शक्ती, रोध कितीही असो, सुमारे ४१ अट्टोवॉट (नॅनोवॉटच्या अब्जाव्या भागाला अट्टोवॉट म्हणतात) असते, आणि तीही फक्त थंड भाराला मिळते. भार त्याच तापमानाला असेल, तर तो तेवढीच शक्ती परत पाठवतो. म्हणून एखाद्या परिपथातून नॅनोवॉट किंवा त्याहून अधिक शक्ती सातत्याने येत असेल, तर स्रोत औष्णिक गोंगाट असूच शकत नाही, हे पहिल्या मिनिटातच ठरवता येते.

डायोड हा विद्युत रॅचेट आहे आणि त्याची खिटीही थरथरते. ब्रिल्वाँ यांनी १९५० मध्ये ही अडचण मांडली. शून्य व्होल्टेजला आदर्श डायोडमधून दोन समान प्रवाह विरुद्ध दिशांनी वाहत असतात, प्रत्येक प्रवाह संपृक्त प्रवाहाइतका, म्हणजे डायोड उलटा जोडल्यावर वाहणाऱ्या बारीक प्रवाहाइतका. प्रत्येकाचा स्वतःचा शॉट गोंगाट (विद्युतभार एकेक करून येण्यामुळे होणारा चढउतार) असतो, आणि दोघांची बेरीज केली की ती डायोडच्या शून्य व्होल्टेजवरील रोधाच्या जॉन्सन (औष्णिक) गोंगाटाइतकीच भरते. हे गणित ज्याने एकदा स्वतः करून पाहिले, त्याला डायोड हा शांत, निष्क्रिय दरवाजा आहे, असे पुन्हा कधी वाटणार नाही. गोंगाटाचे चढउतार शून्याभोवती इतके लहान असतात की तिथे डायोड मुख्यतः साध्या रोधासारखा वागतो. आणि जी थोडी वक्रता उरते तिचा परिणाम डायोडच्या स्वतःच्या गोंगाटामुळे नेमका रद्द होतो.

तरीही मल्टिमीटर काही दाखवतो. याची कारणे साधी असतात आणि एकेक करून काढून टाकता येतात. काचेच्या आवरणातला छोटा डायोड प्रकाशात सौर घटासारखा वागतो. आधी परिपथ काळ्या कापडाखाली ठेवून पाहावा. तांबे आणि सोल्डर यांच्या सांध्यांत तापमानाचा फरक राहिला तर प्रत्येक अंशामागे काही मायक्रोव्होल्ट निर्माण होतात, आणि तांब्याची तार गंजलेली असेल तर प्रत्येक अंशामागे कितीतरी जास्त. म्हणून सोल्डर केल्यावर लगेच मोजू नये, सगळे जोड स्वच्छ करून बंद डब्यात बराच वेळ शांत ठेवावे. मीटरच्या आत येणारा प्रवाह १० पिकोअँपिअर असला तरी १ मेगओहमवर तो १० मायक्रोव्होल्ट दाखवतो, आणि हा आकडा आपण शोधत असलेल्या गोंगाटाच्याच पातळीचा आहे. डायोडच्या जागी तेवढाच साधा रोध लावून मोजावे. वाचन तसेच राहिले, तर ते मीटरचे आहे. डायोड उलटा फिरवला आणि चिन्ह बदलले, तर मात्र डायोड काही तरी दिष्ट करत आहे, म्हणजे उलटसुलट संकेत एकदिशा करत आहे, आणि ते बहुधा रेडिओ केंद्राचे, मोबाइलचे किंवा जवळच्या स्विचिंग पुरवठ्याचे संकेत असतात. परिपथ आणि त्याला लागणारी बॅटरी सर्व बाजूंनी बंद धातूच्या डब्यात ठेवून, मीटरच्या तारा फिल्टर लावून आत घेतल्या, की ते वाचन खाली येते.

खरोखर चालणारे रॅचेट

हे सगळे समजल्यावर अनेकांची शंका उरते की पेशींमध्ये तर आण्विक मोटारी औष्णिक धक्क्यांमधूनच चालतात. त्या चालतात, पण धक्क्यांवर जगत नाहीत. कायनेसिन हे प्रथिन ८ नॅनोमीटरच्या पावलांनी चालते, आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या रासायनिक इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. पेशीत त्यातून मिळणारी ऊर्जा वीस-पंचवीस औष्णिक एकके असते. ६ पिकोन्यूटन भाराविरुद्ध ८ नॅनोमीटर जाणे म्हणजे ४८ झेप्टोज्यूल, सुमारे १२ एकके. औष्णिक धक्के पाऊल टाकायला मदत करतात, आणि एटीपी ते पाऊल मागे फिरू देत नाही. खिटी वापरण्याची किंमत तिथे प्रत्येक वेळी मोजली जाते. रसायनशास्त्रज्ञांनीही हेच अनुभवले. टी. रॉस केली यांच्या गटाने १९९७ मध्ये तीन पात्यांचे आण्विक चाक आणि त्यावर हेलिसीन या पिळदार रेणूची खिटी असा रेणू बनवला, आणि त्याचे फिरणे दोन्ही दिशांनी सारखेच निघाले. १९९९ मध्ये त्याच कल्पनेच्या रेणूला फॉस्जीनच्या रूपाने रासायनिक ऊर्जा पुरवली, तेव्हा तो १२० अंश एका दिशेने वळला.

प्रयोगशाळेत करवतीसारखी स्थितिज ऊर्जा ठरावीक काळाने चालू-बंद करूनही कण एका दिशेने नेता येतात. रुसले आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विद्युत अग्रांच्या विषम रचनेवर ते दाखवले. तुमच्या सिम्युलेशनमध्ये असा काही बदल वेळेनुसार होत असेल, तर चाक फिरणे ही चूक नाही, पण ऊर्जा कुठून आली याची नोंद ठेवावी लागेल. बंद असताना कण पसरतात, आणि चालू होण्याच्या क्षणी त्यांतले बरेच कण उतारावर सापडतात. त्यांना एकदम मिळालेली स्थितिज ऊर्जा ही बाहेरच्या स्विचने केलेले कार्य आहे. म्हणून प्रत्येक बदलाच्या क्षणी कणाच्या स्थितिज ऊर्जेतला फरक एका चलात जमा करत जावा. दुसऱ्या चलात भाराविरुद्ध झालेले कार्य, आणि प्रत्येक उष्मासाठ्यासाठी वेगळ्या चलात अवमंदन व यादृच्छिक बल यांनी मिळून दिलेली उष्णता जमा करावी. सगळे साठे एकाच तापमानाला असतील, तर स्थिर अवस्थेत दीर्घकाळाच्या सरासरीने पहिले चल दुसऱ्याहून कमी येता कामा नये, आणि उरलेला फरक उष्णतेच्या चलात उलट चिन्हाने सापडला पाहिजे. जिथे असा कुठलाच स्विच नाही आणि तापमान एकच आहे, तिथे पात्यांकडून येणारी उष्णता आणि खिटीकडून येणारी उष्णता, या दोन्हींची सरासरी स्वतंत्रपणे शून्य यायला हवी. पात्यांकडून उष्णता आत येत आहे आणि खिटीकडून तितकीच बाहेर जात आहे असे दिसले, तर खिटीच्या समीकरणातले यादृच्छिक बल पुन्हा एकदा उघडून पाहावे.